पिशवीतलं वजन

आमच्या गावात कुणाच्या घरी कोणतं हत्यार आहे हे सगळ्यांना ठाऊक असायचं. दारामागं कुऱ्हाड, आढ्याला खोचलेला विळा, कोपऱ्यात तेल पाजलेली काठी. धनगराच्या खांद्यावरची कुऱ्हाड शेरडांना पाला तोडायची, पण रात्री वाड्यावर लांडगा आला तर तीच कामाला यायची. काठीच्या बुडाला लोखंडी कडी बसवलेली असे. रात्री रानात पाणी धरायला जाणारा माणूस ती काठी वाटेवर आपटत जायचा. साप बाजूला व्हावा म्हणून, आणि पुढं कुणी माणूस असेल तर त्यालाही कळावं म्हणून. मी येतोय, माझ्या हातात काठी आहे, तुझं काय ते बघ. एवढं सगळं ती काठी मालकाच्या आधी बोलून जायची.

एकच हत्यार असं होतं, की त्याचं नाव काढताना म्हातारी माणसं आवाज उतरवत. गुप्ती. वरून साधी छडी, आत पातं. गुप्ती बाळगणारा माणूस भांडखोर असेलच असं नाही. पण त्याच्या घरी पोरगी देताना लोक दोनदा विचार करायचे. "काठी दावतुया आन् सुरी बाळगतुया," असं त्याच्याबद्दल पारावर बोललं जाई. कुऱ्हाडीची भीती वाटायची, गुप्तीचा संशय यायचा. भीती आणि संशय या दोन गोष्टींत किती अंतर आहे, याचा विचार मला पुढं घरातल्याच एका माणसामुळं करावा लागला.

बंदूक गावात एकच होती, पाटलांची बाराबोअरची. इंग्रजांनी १८७८ साली हत्यारांचा कायदा केला. आपला आताचा कायदा १९५९ चा. कायदा बदलला तरी परवाना सुटला नाही. कोकणात डुकरा-वानरांपासून पीक राखायला ठासणीच्या बंदुकीचा परवाना शेतकऱ्याकडं असतो. आमच्या कृष्णाकाठच्या गावात तेवढीही गरज नव्हती. निवडणूक लागली की परवान्याची हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करायची असत. पाटलांचा गडी ती बंदूक पोत्यात गुंडाळून सायकलच्या दांडीला बांधायचा आणि तालुक्याला निघायचा. पोत्यात गुंडाळून काय उपयोग? सगळ्या गावाला दिसायचं, बंदूक चालली. निकाल लागला की पुन्हा दिसायचं, बंदूक आली. ती उडालेली मी एकदाच ऐकली, पिसाळलेल्या कुत्र्यासाठी. पण ती घरात आहे हे माहीत असणं, एवढंच तिचं निम्मं काम होतं.

आमच्या चुलतघरच्या वहिनींनी परवाना काढायचं ठरवलं तेव्हा हे सगळं जग मागं पडलेलं होतं. चुलतभाऊ अचानक गेला. मागं हमरस्त्यावरचा पेट्रोल पंप, दोन शाळकरी पोरं आणि बँकेचं कर्ज. वहिनी कराडला कॉलेजात शिकलेल्या, हिशेबाला पक्क्या. सहा महिन्यांत त्यांनी पंप हाताखाली घेतला. पण पंपाचा धंदा म्हणजे रोख रकमेचा धंदा. रात्री गल्ला मोजायचा, पैसे बरोबर घ्यायचे आणि सहा किलोमीटरवरच्या घरी यायचं. दोन्ही बाजूंनी ऊस. पलीकडच्या तालुक्यात एका पंपाच्या माणसाला असंच अडवून डोकं फोडून पैसे नेले, ही बातमी आली आणि वहिनींनी अर्ज केला.

अर्ज करणं म्हणजे उठून दुकानात जाणं नव्हे. जिवाला धोका का आहे ते लिहून द्यायचं, पोलिसांची चौकशी, शेजाऱ्यांचे जबाब, हत्यार सुरक्षित कसं हाताळायचं याच्या प्रशिक्षणाचा दाखला. २०१६ च्या नियमांनी हे प्रशिक्षण घातलं. बरेच महिने गेले. परवाना हातात पडला तेव्हा वहिनी मला म्हणाल्या, "भाऊजी, तुमी संगं चला. मला त्यातलं काय कळत न्हाई." मला तरी काय कळत होतं! शाळेत एन.सी.सी. बघायचो, पोरांकडून पॉइंट टू टूची रायफल झाडून घ्यायचो, एवढाच अधिकार. पण गेलो.

पुण्यातल्या दुकानदारानं आधी वहिनींचा हात बघितला. सोनार बांगडीचं माप घेताना बघतो तसा. मग म्हणाला, "ताई, तुम्हाला लहान पाहिजे, हलकं पाहिजे आणि हाताला झटका न देणारं पाहिजे. सगळेच असं मागतात. पण तिन्ही एका ठिकाणी नसतात."

त्यानं पुढं जे समजावलं ते मी वर्गात शिकवलेलंच होतं, फक्त मला ते कधी असं भिडलं नव्हतं. गोळी पुढं जाते तेवढ्याच जोरानं हत्यार मागं येतं. न्यूटनचा तिसरा नियम. गोळी तीच असली तर हत्यार जितकं हलकं तितकं ते वेगानं हातावर येणार. कानपूरच्या सरकारी कारखान्यानं २०१४ च्या जानेवारीत 'निर्भीक' नावाचं रिव्हॉल्व्हर बाजारात आणलं. खास बायकांसाठी म्हणून त्याचा गवगवा झाला; डिसेंबर २०१२ मध्ये दिल्लीत ज्या मुलीवर अत्याचार झाला, तिला लोकांनी दिलेल्या नावाची आठवण त्या नावात होती. टायटॅनियमच्या मिश्रधातूचं, वजन सुमारे ५०० ग्रॅम, किंमत तेव्हाच सव्वा लाखाच्या घरात. त्याच बोअरचं साधं पोलादी रिव्हॉल्व्हर सुमारे ७०० ग्रॅमचं. दोनशे ग्रॅमचा फरक, म्हणजे एका मोठ्या पेरूएवढा. पण गोळी एकच धरली तर ५०० ग्रॅमचं हत्यार ७०० ग्रॅमच्यापेक्षा साधारण ४० टक्के जास्त वेगानं मागं येतं. पिशवीला जे हलकं, ते हाताला जड.

मऊ चालणारं हत्यार हवं तर दुसरा रस्ता गोळीच कमी जोराची घ्यायचा. तो आपल्याकडं कायद्यानंच घेऊन ठेवलेला आहे. अडतीसची किंवा नऊ मिलिमीटरची हत्यारं सामान्य परवान्यावर मिळत नाहीत, ती निषिद्ध बोअरमध्ये मोडतात. साध्या माणसाला रिव्हॉल्व्हर मिळतं ते बहुतेक पॉइंट थ्री टूचं. गोळी साधारण साडेसहा ग्रॅमची, चालीला मवाळ. दुकानदारानं एक काडतूस वहिनींच्या तळहातावर ठेवलं. बुडाला 'के. एफ.' अशी अक्षरं. ती खडकीच्या दारूगोळा कारखान्याची. १८६९ पासूनचा हा कारखाना.

वहिनींनी दोन्ही रिव्हॉल्व्हरं हातात धरून बघितली. घोड्यावर बोट पोचतंय का, ते बघितलं. रिव्हॉल्व्हरचा घोडा नुसता दाबून उडवायचा तर तो जड लागतो, कारण एकाच ओढीत हातोडी मागं जाते आणि सुटतेही. अंगठ्यानं हातोडी आधी मागं घेतली तर तोच घोडा हलका होतो. वहिनींना सवय व्हायला वेळ लागणार होता. शेवटी त्यांनी पोलादी, जड तेच घेतलं. दुकानदार म्हणाला, "रोज बाळगायला जड होईल ताई." वहिनी म्हणाल्या, "हलकं घेतलं तर इसरून जाईन मी."

हे वाक्य तेव्हा मला साधं वाटलं. पिशवी विसरायला होते तसं काहीतरी.

घरी आल्यावर जी चर्चा झाली ती आमच्या सोप्यात बसून झाली, आणि प्रत्येकानं आपापल्या आयुष्यातून उत्तर दिलं.

तात्यांनी तरुणपणी तालीम केलेली. दोन्ही कान मोडलेले. ते हसले. "धक्का न देनारी बंदूक? मग ती बंदूक कशी? ज्याला मारायचं त्याला बी लागावं आन् मारनाऱ्याला बी लागावं. लाठी हानली तर आपल्या मनगटाला झिनझिन्या येत्यात. तवा कळतं आपुन काय केलं." यात मला आधी तथ्य वाटलं. मारण्याची काही किंमत मारणाऱ्याच्या अंगाला बसावी. ती जेवढी कमी तेवढं मारणं सोपं. पण नीट विचार केला तेव्हा हे म्हणणं फक्त मजबूत मनगटाच्या माणसाला परवडतं असं दिसलं. तात्यांना आयुष्यात कुणी अडवलं नाही, कारण त्यांचे कानच काठीचं काम करायचे. वहिनींकडं तसं काही नाही. त्यांच्या हाताला झेपेल असं हत्यार देऊ नका, असं म्हणणं म्हणजे स्वतःला वाचवायचा हक्क मनगटाच्या मापानं वाटणं. आणि हातात न मावणारं, झटक्यानं उसळणारं हत्यार धरलं तर गोळी भलतीकडंच जाण्याचा धोका. मऊ चालणारं हत्यार म्हणजे जिथं मारायचं तिथंच लागेल असं हत्यार. ज्याचा नेम नाही त्याची सद्बुद्धी काय कामाची? शिवाय बंदुकीच्या धक्क्याला मी माणसाच्या टोचणीची जागा देणार नाही. दारू पिऊन बारा बोअर उडवणाऱ्यालाही धक्का बसतोच. त्यानं तो शहाणा होतो का?

आमच्या आत्याची दर आषाढीला पायी वारी. गळ्यात माळ. ती बंदुकीबद्दल काही बोलली नाही, लपवण्याबद्दल बोलली. "बाळगायचं तर बाळग बाय. पन मानसाला राम राम करताना पिशवीत त्येच्या मरनाची तयारी असनं, हे काय बरं न्हाई." वहिनी गप्प बसल्या. आत्या अडाणी, पण तिनं नेमक्या जागी बोट ठेवलं होतं.

पुतण्या कॉलेजातला. तो उसळून म्हणाला, "मग महाराजांची वाघनखं काय हुती? ती बी मुठीतच लपवल्याली की!" त्याचंही उत्तर द्यायला हवं होतं. १० नोव्हेंबर १६५९ ला प्रतापगडाच्या पायथ्याला जे घडलं त्याचा पोवाडा आम्ही सगळे लहानपणापासून ऐकत आलो. पण त्या शामियान्यात दोन शत्रू एकमेकांना शत्रू म्हणून ओळखत होते. समोरचा कोण आहे, कशाला आलाय, मागं किती फौज उभी आहे, हे महाराजांना पक्कं माहीत होतं. अंगरख्याखाली चिलखत घालून ते गेले ते त्याच खात्रीनं. लपवलेलं हत्यार होतं, पण माणूस अनोळखी नव्हता. वहिनींच्या वाटेवर उलटं होतं. हत्यार हाताशी, आणि समोर येणारा कोण आहे याचा काही पत्ता नाही.

मला वाटतं, उघड्या आणि झाकलेल्या हत्यारात खरा फरक इथं आहे. उघड्या काठीनं भांडण पायरीपायरीनं चढतं. आधी डोळे, मग शिवी, मग काठी उचलणं, मग एखादा मध्ये पडणं. प्रत्येक पायरीवर दोघांपैकी कुणालाही माघार घेता येते. कारण कुठवर जाऊ शकतं ते दोघांनाही दिसत असतं. झाकलेल्या हत्याराला पायऱ्या नसतात. ते बाहेर येतं तेव्हा सगळं शेवटाला आलेलं असतं. आणि आज कायदाही झाकायलाच सांगतो. २०१६ च्या नियमांत सार्वजनिक जागी रिव्हॉल्व्हर न्यायचं तर ते म्यानात किंवा पिशवीत, पूर्ण झाकलेलं असलं पाहिजे. ते मिरवायचं नाही. यातही शहाणपण आहेच. लग्नाच्या वरातीत कंबरेचं पिस्तूल दाखवत नाचणारे आपण पाहिलेत. उघडं हत्यार नेहमी बोलतंच असं नाही, कधी ते धमकावतं. आणि बाईनं उघडं हत्यार बाळगलं तर? चोर आधी तेच हिसकावेल. तेव्हा झाकू नका म्हणणंही सोपं नाही.

प्रश्न मग असा उरतो, की झाकायचंच असेल तर त्याची किंमत कोण भरतं?

याचं उत्तर मला वहिनींनी सांगितलेल्या एका रात्रीतून मिळालं. मार्गशीर्षातली गोष्ट. कारखाने जोरात चालू. रोज त्यांच्याबरोबर पंपावरचा एक पोरगा असायचा, त्या दिवशी तो आजारी. साडेनऊला एकट्याच गाडी चालवत निघाल्या. रस्त्यावर धुकं. वळणावर उजेडात एक माणूस दिसला, रस्त्याच्या मधोमध उभा. तोंडाला मफलर गुंडाळलेला, एक हात वर केलेला, दुसऱ्या हातात कोयता. बाजूनं काढायला जागा नव्हती. त्यांनी गाडी थांबवली. तो खिडकीपाशी आला आणि काचेवर बोटांनी वाजवायला लागला. वहिनींचा हात पिशवीत गेला. तिच्यात रिव्हॉल्व्हरसाठी वेगळा कप्पा शिवून घेतला होता. साखळी ओढली. मूठ हाताला लागली. अंगठा हातोडीवर.

तो काहीतरी ओरडत होता. काच बंद, इंजिन चालू, ऐकू येत नव्हतं. आणि मग त्यानं कोयता वर उचलला.

वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तितं एक क्षण असा गेला की त्यातलं मला आता काय बी आठवत न्हाई."

तो कोयत्यानं पुढचा रस्ता दाखवत होता. त्यांनी बोटभर काच खाली केली तेव्हा शब्द कानावर आले. "बाई, म्होरं गाडी आडवी झालीया. बैल पडलाय. दमानं घ्या." वीस-पंचवीस पावलांवर उसाची बैलगाडी रस्त्यावर आडवी पडलेली. तिला दिवा नव्हता. मागून येणारी पहिली गाडी त्यात घुसली असती. ती पहिली गाडी वहिनींची होती. गळफास बसू नये म्हणून त्यानं जोखडाचा दोर कोयत्यानं तोडला होता आणि तसाच धावत रस्त्यावर आला होता. त्याची बायको दुसरा बैल धरून उभी, कडेवर लेकरू. वहिनींनी गाडीचे दिवे त्या बाजूला लावून ठेवले. बैल उठेपर्यंत तासभर तिथंच थांबल्या. तो माणूस जाताना दोन्ही हात जोडून म्हणाला, "लई उपकार झालं ताई."

ज्यांना ऊसतोडीचं काम माहीत नाही त्यांच्यासाठी एक सांगतो. दिवाळीनंतर बीड, नगर, सोलापूरकडून टोळ्या येतात. त्यात नवरा-बायकोची जोडी मोजताना 'एक कोयता' म्हणतात. मुकादम उचल देतो तीही कोयत्यावर. किती माणसं आणली असं कुणी विचारत नाही, किती कोयते आणले असं विचारतात. म्हणजे त्या माणसाच्या हातात जे होतं ते हत्यार नव्हतंच, ते त्याचं नाव होतं. त्या रस्त्यावर दोन माणसं समोरासमोर आली. एकाच्या हातात उघडं पातं आणि मनात दुसऱ्याला वाचवायचं. दुसरीच्या हातात काही दिसत नव्हतं, आणि जीव घेण्याची ताकद तिच्याकडंच होती.

कायदा अशा वेळी काय म्हणतो ते मी नंतर वाचलं. स्वसंरक्षणाचा हक्क आधी दंड संहितेच्या कलम ९६ ते १०६ मध्ये होता, १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेच्या ३४ ते ४४ मध्ये आहे. मरण येईल किंवा जबर दुखापत होईल अशी वाजवी भीती वाटली तर समोरच्याचा जीव घेण्यापर्यंत हा हक्क जातो. पण बचावाला लागेल त्यापेक्षा जास्त इजा करता येत नाही, आणि सरकारी मदत मागायला वेळ असेल तर हा हक्क नाही. शब्द 'वाजवी भीती'. रात्र, एकटी बाई, पिशवीत पंपाची रोकड, तोंड बांधलेला माणूस, वर उचललेला कोयता. वहिनींची भीती खोटी होती असं कुणीच म्हणणार नाही. कदाचित कोर्टानंही तिला वाजवीच म्हटलं असतं. आणि तरी तो माणूस काय करत होता ते तेच राहिलं असतं. तो तिला वाचवत होता.

वहिनी त्या रात्री घरी आल्या, जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी माझ्याकडं आल्या. सगळं सांगून झाल्यावर म्हणाल्या, "त्याला काय बी ठावं न्हाई भाऊजी. तो हात जोडून गेला." हेच त्यांना लागलं होतं. न घडलेल्या गोष्टीची माफी तरी कुणाकडं मागायची?

मला त्यातून जे समजलं ते एवढंच. माझ्या हातात काठी दिसत असते तेव्हा सावधपणा दोघांत वाटलेला असतो. मी जपून वागतो, समोरचाही जपून वागतो. तो हात दाखवतो, लांब उभा राहतो, आधी हाक मारतो. मी हत्यार झाकलं की त्याच्या वाट्याचा सावधपणा मी काढून घेतला. त्या उसतोड्याला पिशवीतलं दिसलं असतं तर त्यानं काचेजवळ येऊन कोयता उचलला नसता. त्याला माहीत नव्हतं, म्हणून तो मोकळेपणानं वागला. तेव्हा त्याच्या वाट्याचंही जपणं ज्याला माहीत आहे त्यानंच करायचं. दोघांचं एकट्यानं. झाकलेल्या हत्याराचं खरं वजन हे आहे, आणि ते टायटॅनियम वापरून कमी होत नाही. दुकानात आपण ग्रॅम मोजतो, मूठ बघतो, झटका बघतो. ते बघायलाच हवं. पण हे वजन दुकानदाराच्या काट्यावर येत नाही.

आत्याच्या बोलण्याला माझं उत्तर आता असं आहे, की राम राम करताना पिशवीत मरणाची तयारी असणं वाईटच. पण ज्याच्यावर ती तयारी ठेवायची वेळ आली आहे त्यानं तो राम राम दुप्पट मनापासून करायला हवा. वहिनी पूर्वी बाजारात भाव करताना भांडायच्या, गाडी आडवी घालणाऱ्या टेंपोवाल्याला दोन शब्द सुनवायच्या. ते सगळं गेलं. "ते अंगासंगं असलं की मला भांडता येत न्हाई," त्या म्हणतात. कुणी रांगेत पुढं घुसलं तर घुसू देतात. ज्या दिवशी घरात कुणाशी वाजलं असेल त्या दिवशी पिशवीतला कप्पा रिकामा ठेवून, कुलूप लावून जातात आणि गल्ला दिवसाच बँकेत भरतात. हलकं घेतलं तर विसरून जाईन, असं त्या दुकानात का म्हणाल्या, ते मला आत्ता कळतं. त्यांना पिशवीचा विसर पडायची भीती नव्हती.

परवान्याची मुदत आता पाच वर्षांची असते. गेल्या पावसाळ्यात नूतनीकरणाचा अर्ज भरायची वेळ आली तेव्हा त्यांनी मला विचारलं, "भरू का नको?" मी दोन्ही बाजूंनी विचार केला. नको म्हणायला माझं काय जात होतं? रात्री त्या रस्त्यानं मी येत नाही. भर म्हणायलाही माझं काय जात होतं? कोयता उचललेल्या माणसासमोर मी बसत नाही. म्हणून मी उत्तराऐवजी विचारलं, गेल्या वर्षात त्याची गरज किती वेळा वाटली? त्या बोटं मोजायला लागल्या आणि थांबल्या. पंपावर आता निम्मे लोक मोबाइलवरनं पैसे भरतात. उरलेली रोकड दुपारीच बँकेत जाते. रात्री संगतीला पोरगा असल्याशिवाय त्या निघत नाहीत, आणि तो नसेल तर पंपावरच्या खोलीत मुक्काम करतात. वळणावरचा खांबावरचा दिवा दोन वर्षं बंद होता, तो ग्रामपंचायतीच्या मागं लागून त्यांनी सुरू करून घेतला. म्हणजे लहान हत्यार शोधता शोधता त्यांनी त्याची गरजच बरीच लहान करून टाकली होती. ती पूर्ण गेलेली नाही. डोकं फोडून पैसे नेणारे लोक खरे आहेत, आणि एखादी रात्र अशी येऊ शकते की दिवा नाही, पोरगा नाही आणि समोरचा माणूस बैलासाठी आलेला नाही.

त्यांनी अर्ज भरला. त्याच आठवड्यात तालुक्याहून लाल रेडियमच्या पट्ट्यांचं एक भेंडोळं आणलं. हंगाम सुरू झाला की टोळ्यांच्या तळावर जाऊन त्या प्रत्येक बैलगाडीच्या मागच्या फळीला एकेक पट्टी चिकटवून घेतात. मुकादम विचारतो, ताई, याचे पैसे किती? त्या म्हणतात, पैसे नकोत, फक्त रात्री गाडी काढण्याआधी पट्टीवरचा चिखल पुसत जा.